लोगो येतो आणि टीव्ही बंद पडतो: लाँच, कोपी आणि बोअरच्या गाडीवरचा छोटा टीव्ही

तक्रार एकच असते. टीव्ही घरी व्यवस्थित चालतो. लाँचवर, ट्रॅक्टरशेजारच्या कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) किंवा बोअरच्या गाडीत लावला की कंपनीचा लोगो येतो, क्षणभर चित्र दिसतं आणि पडदा काळा होतो. लाल दिवा लागतो, पुन्हा लोगो, पुन्हा काळोख. कधी तासभर नीट चालतो आणि ऐन मॅचमध्ये हा खेळ सुरू होतो. आमच्या कऱ्हाडच्या दुकानात ही तक्रार कोयना जलाशयावरचे बामणोली-तापोळ्याचे लाँचवाले आणतात, ऊसतोडीचा हंगाम लागला की वाळवा-पलूसकडच्या टोळ्या आणतात, आणि जत-आटपाडीच्या माळावर फिरणाऱ्या बोअरच्या गाड्या तर बारा महिने आणतात. प्रत्येकाला वाटतं टीव्ही खराब निघाला. बहुतेक वेळा टीव्हीला काहीही झालेलं नसतं. त्याच्या पिनेपर्यंत बारा व्होल्ट पोचतच नाहीत.

म्हणून पहिलं काम हे की टीव्हीवरचा आळ काढून टाका. घरी आणा, त्याच्याच अडॅप्टरवर सलग दोन तास चालवा. चालला तर पुढे वाचा. घरीही बंद पडत असेल तर आतली बॅकलाइटची (पडद्यामागच्या दिव्यांची) पट्टी किंवा पॉवर सप्लाय बघावा लागेल. तो दुरुस्तीचा वेगळा विषय आहे आणि वायर बदलून तो सुटणार नाही.

लोगोच्याच वेळी का?

टीव्ही चालू होताना आधी फक्त बोर्ड जागा होतो. त्याला फारसा करंट लागत नाही, म्हणून लोगो दिसतो. मग बॅकलाइट पूर्ण उजेडावर येते, आवाज सुरू होतो, आणि करंट एकदम वाढतो. वायर बारीक असेल तर त्याच क्षणी टीव्हीच्या पिनेवरचा दाब (व्होल्टेज) खाली बसतो. साधारण अकरा व्होल्टच्या खाली गेला की बरेच बोर्ड स्वतःला बंद करून घेतात. बंद झाले की करंट थांबतो, दाब पुन्हा वर येतो, बोर्डाला वाटतं आता ठीक आहे, आणि तो पुन्हा सुरू होतो. हे चक्र रात्रभर चालू शकतं.

लोक बॅटरीवर मीटर लावतात, १२.५ दिसतं आणि म्हणतात, 'बॅटरी तर फुल्ल आहे.' टीव्ही बंद असताना बॅटरीवर लावलेल्या मीटरला या भानगडीतलं काहीच दिसत नाही. मीटर टीव्हीच्या टोकाला लावायचा, आणि टीव्ही चालू असताना लावायचा. सगळी मेख इथे आहे.

साधा दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मीटर पुरतो. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. टीव्ही चालू करून आधी बॅटरीच्या टर्मिनलवर बघा, मग टीव्हीच्या पिनेजवळ. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर चोर वायरीत किंवा जोडात आहे. तो नेमका कुठे हे शोधायची युक्ती फार कमी लोक वापरतात: मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी टीव्हीकडच्या प्लसवर. दोन्ही प्लसच, गोंधळू नका. टीव्ही चालू असताना जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वायरीत खर्ची पडताहेत. तेच मायनसला करा. ज्या बाजूचा आकडा मोठा, ती बाजू उघडा आणि जोड-जोड करत पुढे सरका.

वायरीचा हिशेब

चोवीस इंची एलईडी टीव्ही साधारण २५ वॅट खातो, सेटटॉप बॉक्स दहाएक वॅट. म्हणजे बारा व्होल्टवर तीन अँपिअर. करंट फार वाटत नाही, म्हणून लोक हाताला येईल ती लाल-काळी स्पीकरची वायर ओढतात. ट्रॅक्टर कोपीपासून दहा मीटरवर उभा असेल तर करंटला जाऊन-येऊन वीस मीटर तांबं ओलांडावं लागतं. पाऊणची, म्हणजे ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर एवढ्या लांबीत जवळपास अर्धा ओहम रोध होतो, आणि तीन अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरीवर १२.२ असेल तर टीव्हीला मिळाले १०.७. लोगो येऊन बंद पडणारच. हीच वायर अडीचची घातली तर घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते, चारची घातली तर ०.३ व्होल्टवर. मी दहा मीटरला अडीचपेक्षा कमी घालू देत नाही. घरात २३० व्होल्टवर दीडची वायर अख्ख्या खोलीला पुरते म्हणून इथेही पुरेल, हा हिशेब चुकीचा आहे. बारा व्होल्टमधून दीड व्होल्ट गेले तर आठवा हिस्सा गेला. २३० मधून गेले तर कोणाला कळतही नाही.

आणि स्वस्तातली वायर घेताना टोक सोलून बघा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम सर्रास विकलं जातं. चाकूने खरवडलं की आतून पांढरं दिसतं. त्याचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त, आणि दमट जागेत जोड लवकर खराब होतो.

ट्रॉलीतच टीव्ही लावणाऱ्यांची एक खास अडचण आहे. प्लसची वायर चांगली असते, मायनस मात्र ट्रॉलीच्या बॉडीला दिलेला असतो. मग करंट परत कुठून जातो? ट्रॉलीच्या दांड्यातून, हूकमधून, गंजलेल्या पिनेतून ट्रॅक्टरपर्यंत. ट्रॉली जरा हलली की टीव्ही लुकलुकतो. हूकला ग्रीस लावून हे सुटत नाही, उलट ग्रीस विजेला आडवंच येतं. बॅटरीच्या मायनसपासून टीव्हीपर्यंत स्वतंत्र वायर आणा. फायबरच्या लाँचमध्ये बॉडी अर्थचा प्रश्नच येत नाही, तिथे दोन्ही वायरी ओढाव्याच लागतात. पण कोयनेच्या खोऱ्यातली हवा अशी आहे की पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात आतून हिरवा होतो. तिथे थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून, वर हीटची, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी आवळून घेतलेली बरी.

पिनेचा घोळ

वायर चांगली, दाब चांगला, तरी टीव्हीला धक्का लागला की बंद. अशा वेळी टीव्हीत जाणारी गोल पिन काढून बघा. या पिना दोन मापांच्या येतात. बाहेरचा व्यास दोन्हींचा साडेपाच मिलिमीटर, पण आतलं भोक काहींचं २.१ आणि काहींचं २.५ मिलिमीटर असतं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात आरामात बसते, बसल्यासारखी दिसते, आणि आत सैल राहते. इंजिनाच्या थरथरीने संपर्क तुटतो-जुळतो, बारीक ठिणग्या पडतात, काही दिवसांत सॉकेट काळं पडतं. दुकानात गेल्यावर जुनी पिन दाखवून मागू नका, टीव्ही घेऊन जा. ध्रुव तपासायला विसरू नका: बहुतेक टीव्हींना आत प्लस, बाहेर मायनस लागतो आणि मागच्या लेबलवर त्याचं चित्र असतं. बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत.

इंजिन चालू असताना उलटा त्रास

लीड ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.१ च्या आसपास आली की निम्मी संपली. पण इंजिन चालू झालं की अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा) दाब १३.८ ते १४.४ पर्यंत चढवतो, आणि सेल्फ मारताना हाच दाब दहाच्या खाली कोसळू शकतो. लेबलवर फक्त 'डीसी १२ व्होल्ट' लिहिलेला टीव्ही हे दोन्ही टोकं सोसेलच असं नाही. टीव्ही चालू ठेवून सेल्फ मारायची सवय असेल तर ती सोडा. नुसता टीव्ही बंद पडण्यावर निभावतं तोवर ठीक, बोर्ड गेला की खर्च निम्म्या टीव्हीचा.

यावर उपाय आहे बारा व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर. आत ९ येवोत की १५, बाहेर पक्के १२ देणारा. घेताना मात्र 'स्टेप-डाऊन' लिहिलेलं स्वस्त मॉड्यूल घेऊ नका. ते फक्त दाब कमी करू शकतं आणि त्यासाठी आत एक-दीड व्होल्ट जादा लागतात; बॅटरी १२.३ वर असली की ते बाहेर अकराच देतं, म्हणजे आजार तोच राहिला आणि वर औषधाचे पैसे गेले. वर-खाली दोन्ही करणारा, बक-बूस्ट जातीचा मागा, पाच अँपिअरचा. तो बॅटरीजवळ नको, टीव्हीजवळ बसवा, म्हणजे वायरीतली घटही तो भरून काढेल.

पण कन्व्हर्टर बसवून बारीक वायर तशीच ठेवायची, हा शहाणपणा नाही. आत दाब कमी आला की कन्व्हर्टर तेवढाच वॅट काढण्यासाठी जास्त करंट ओढतो, त्याने वायरीतली घट आणखी वाढते, तो आणखी ओढतो. आधी वायर, मग कन्व्हर्टर.

चोवीस व्होल्टच्या गाड्या

बोअरच्या गाड्या मोठ्या ट्रकवर असतात आणि तिथे दोन बॅटऱ्या ओळीने जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. कामगार रात्री गाडीपाशीच मुक्कामाला, त्यामुळे टीव्हीची हौस इथे जास्त. कोणीतरी सांगतं, दोनपैकी एकाच बॅटरीवर टीव्ही जोड, बारा मिळतात. मिळतात खरे. पण अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना मिळून चार्ज करतो. त्याला कळत नाही की खालची, म्हणजे टीव्ही जोडलेली, रोज संध्याकाळी निम्मी रिकामी होते. खालची कायम अर्धपोटी राहते, वरची जादा चार्ज होऊन पाणी उडवते, आणि काही महिन्यांत दोन्ही बदलाव्या लागतात. टीव्हीचा दोष म्हणून आलेल्या अशा गाडीत वरच्या बॅटरीचं पाणी आधी बघावं, तिथेच गोष्ट उघड होते. चोवीसाचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर तो लावा.

इन्व्हर्टर हवाच का?

टीव्ही घ्यायचाच असेल तर हा प्रश्न दुकानातच सोडवा. टीव्ही उलटा करून मागचं लेबल वाचा. 'डीसी १२ व्होल्ट' असं लिहिलं असेल आणि बाहेर काळा अडॅप्टर येत असेल तर तो तुमच्या कामाचा. १९ व्होल्ट असेल तर बारावरून एकोणीस करणारा बूस्ट कन्व्हर्टर लागेल, तेही चालतं. फक्त १०० ते २४० व्होल्ट एसी लिहिलं असेल आणि वायर थेट टीव्हीतून निघत असेल, तर सप्लाय आत आहे आणि तुम्हाला इन्व्हर्टर लागणार. बत्तीस इंची टीव्ही बहुतेक याच जातीचे असतात. सोलरवर चालणारा म्हणून एसी-डीसी दोन्ही सोय असलेला टीव्ही बाजारात मिळतो. दिसायला साधा, पण लाँचसाठी आणि कोपीसाठी मी तोच सुचवतो.

बारा व्होल्टचे २३० करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा बारा करायचे, म्हणजे विहिरीचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवून खाली विहिरीच्याच काठावर नळाने भरून घेणं. छोटा इन्व्हर्टर चालू राहण्यासाठीच अर्धा ते एक अँपिअर खातो, वर रूपांतरात दहा-पंधरा टक्के जातात. तीन अँपिअरचं काम सव्वाचार-साडेचारवर जातं. शिवाय स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची. त्यावर आवाजात घरघर येते.

काही जण एसी टीव्ही उघडून आतल्या बोर्डाला थेट बारा व्होल्ट देतात. काही बोर्डांवर ते जमतं, पण बॅकलाइटला वेगळा दाब लागतो आणि तिथे गाडं अडतं. शिवाय सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात. ज्याला ते उतरवता येत नाहीत त्याने स्क्रू ड्रायव्हर लावू नये.

इंचांबद्दल एवढंच: कोपीत आणि लाँचच्या केबिनमध्ये माणूस चार-सहा फुटांवर बसतो, १९ ते २४ इंच भरपूर झाले. त्यापेक्षा बघण्याचा कोन महत्त्वाचा. जमिनीवर बसून वर लावलेला टीव्ही बघायचा असेल तर दुकानात खाली बसून बघा. स्वस्त पॅनलमध्ये खालून चेहरे काळे दिसतात, तो दोष कुठल्याही सेटिंगने जात नाही. आयपीएस पॅनल, म्हणजे तिरक्या कोनातूनही रंग नीट दिसणारं, घ्या. मागे चार स्क्रूची भोकं ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात असली की स्टँड सहज मिळतो. आणि चालत्या गाडीत पडदा ड्रायव्हरच्या नजरेत नको. ऊस भरलेली डबल ट्रॉली ओढताना तर नकोच नको.

सकाळी सेल्फ लागत नाही

हा टीव्हीचा दोष नव्हे, पण दुकानात शिव्या टीव्हीलाच बसतात. सेल्फची बॅटरी काही सेकंद भरपूर करंट देण्यासाठी बनलेली असते, हळूहळू रिकामी होण्यासाठी नव्हे. ती वारंवार निम्म्याखाली गेली की प्लेटा लवकर मरतात. तीन अँपिअर रोज पाच तास म्हणजे पंधरा अँपिअर-अवर. नव्या ८०-१०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला हे जमतं. दोन हंगाम झालेल्या बॅटरीत किती उरलंय कोणास ठाऊक.

टोळीच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. ट्रॅक्टर रात्री कोपीजवळ असेलच असं नाही, तो कारखान्याच्या यार्डात नंबरला उभा असतो. तेव्हा कोपीसाठी वेगळी बॅटरी ठेवणं हाच मार्ग. इन्व्हर्टरसाठी मिळते ती ट्यूब्युलर, चाळीस-पन्नास अँपिअर-अवरची पुरे, आणि कोपीवर १०० वॅटचं सोलर पॅनल. हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, आभाळ स्वच्छ. सांगली भागात एवढं पॅनल दिवसाला सहज पंचवीसएक अँपिअर-अवर भरून देतं. मध्ये चार्ज कंट्रोलर घाला, पॅनल थेट बॅटरीला जोडू नका.

लाँचवर दुसरी बॅटरी ठेवली तर दोन्हींच्या मध्ये दाब बघून जोडणारा रिले घाला. इंजिन चालू असलं की दोन्ही चार्ज होतात, बंद झालं की टीव्हीची बॅटरी सुटी पडते. मेट इंदवलीच्या काठाला लाँच लावून पर्यटक वासोटा चढायला गेले की मागे काही तास रिकामे असतात. त्यात बॅटरी उतरली आणि संध्याकाळी परतताना सेल्फच लागला नाही, तर जलाशयाच्या त्या टोकाला धक्का मारायला कोणी नाही. (ते अभयारण्य आहे, तेव्हा टीव्हीचा आवाज हेडफोनमध्येच ठेवा.) ११.८ व्होल्टला आपोआप बंद करणारं लो-व्होल्टेज कट लावलं की निम्मी काळजी मिटते. लिथियम फॉस्फेटची बॅटरी वजनाने निम्म्याहून कमी, पण तिचा दाब शेवटपर्यंत जवळपास तेवढाच राहतो आणि मग एकदम बंद पडते. वरचे आकडे तिला लागू नाहीत.

फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत, पाच ते साडेसात अँपिअरचा. टीव्हीजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. कोपी पाचटाची असते, हे वेगळं सांगायला नको.

अर्धी चॅनेलं गायब

टीव्ही चालू आहे, काही चॅनेलं स्वच्छ, काहींवर 'सिग्नल नाही'. लोक छत्री फिरवत बसतात. सेटटॉप बॉक्स छत्रीवरच्या एलएनबीला (समोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) एका प्रकारच्या चॅनेलांसाठी १३ व्होल्ट आणि दुसऱ्यांसाठी १८ व्होल्ट पाठवतो. बॉक्सला आत दाब कमी मिळाला की हे १८ बनवताना त्याची दमछाक होते आणि तेवढीच चॅनेलं जातात. म्हणून छत्रीला हात लावण्याआधी बॉक्सच्या पिनेवर मीटर लावा. तिथे बारा असतील तरच छत्रीची वायर आणि जोड तपासा.

छत्री लावायचीच असेल तर डीडी फ्री डिशला महिन्याचा खर्च नाही. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. इतका उंच असल्याने डोंगर सहसा आड येत नाही, आंब्याची फांदी मात्र येते. छत्री डोळ्यांना त्यापेक्षा बरीच उभी दिसेल, कारण या छत्र्यांचा कोन मुळातच तिरका धरलेला असतो. ती ६० अंशांवर झोपवायला जाऊ नका. तरंगत्या लाँचवर छत्रीचा उपयोग नाही, वाऱ्याने लाँच जरा वळली की चित्र गेलं. काठावर रोवून वायर आत घ्या, नाहीतर पेन ड्राइव्हवर सिनेमे भरून न्या. जुना काड्यांचा अँटेना आता काही कामाचा नाही, दूरदर्शनची ती जुनी केंद्रं २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाली.

इंजिन चालू असताना पडद्यावर रेषा

इंजिन बंद केल्यावर रेषा गेल्या तर अल्टरनेटरची घाण मायनसच्या वाटेने येतेय. स्वतंत्र मायनस आणि कन्व्हर्टर या दोन गोष्टींनी बहुधा भागतं. इंजिन बंद असतानाही रेषा राहिल्या तर एकेक दिवा, एकेक प्लग बंद करत जा. पुष्कळदा दोषी असतो लायटरच्या सॉकेटात खुपसलेला पन्नास रुपयांचा मोबाइल चार्जर. तो काढल्यावर रेषा गेल्या, तर दुसरा, बरा चार्जर घ्या.